मुलांच्या हातात माती कशी आली: शाडू, वारली आणि शाळेतलं मातीकाम

महाराष्ट्रातल्या शहरी मुलांना आज मातीत हात घालायला मिळतात ते बहुतेक वेळा गणपतीच्या आधी, शाडूच्या कार्यशाळेत. दोन तास, एक गोळा, घरी नेताना सोंड पडलेली मूर्ती. हे बरंच अलीकडचं आहे, आणि ते कुंभारकामातून आलेलं नाही तर गणपतीच्या मूर्ती पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) असाव्यात की नाही या भांडणातून आलंय, हे लक्षात घेतलं तर बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

तसं मागे जायचं तर जोर्वे-इनामगावला उत्खननात सापडलेल्या जुन्या वस्त्यांपर्यंत जाता येईल. तीन हजार वर्षांपूर्वीची लाल भांडी, त्यावर काळी नक्षी, इनामगावला तर मातीचा बैलसुद्धा सापडलाय. पण मुलांना शिकवायचं काहीतरी म्हणून मातीकडे बघणं फार नंतरचं. १९३७ साली वर्ध्यात जी शिक्षणाची योजना मांडली गेली तिच्यात ७ वर्षांचं शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफायचं होतं, आणि मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षकांचा पगार निघावा असाही विचार होता. त्यावर तेव्हाच टीका झाली, की शाळेचा कारखाना होईल. शिवाय प्रत्यक्षात सूतकताईच्या टकळी आणि चरख्याने बाकीच्या कामांना जागाच ठेवली नाही, माती मागेच राहिली.

१९६६ च्या शिक्षण आयोगाच्या अहवालानंतर शाळेत कार्यानुभव हा हातकामाचा विषय आला. तो काय होता ते वेगळं सांगायला नको, रंगवलेला माठ, मातीची फळं, आणि त्यातली निम्मी रात्री अकराला आईने केलेली.

वारली आदिवासींच्या चित्रांचं जरा वेगळं झालं. डहाणू-तलासरी-जव्हारकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी चित्र, काढायच्या त्या सुवासिनी बायका, सारवलेल्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. १९७० च्या दशकात हे भिंतीवरून कागदावर आलं, पुरुषही काढायला लागले, प्रदर्शनं झाली आणि मग ते शाळेत पोचलं. शाळेला ते सोयीचंच होतं कारण दोन त्रिकोण जोडले की माणूस तयार, चित्रकला न येणाऱ्या मुलालाही जमतं. फक्त शाळेत आला तो तारपा या वाद्याभोवतीचा गोल नाच, चौक आणि त्यातली पालघट ही लग्नाची देवी बहुतेक बाहेरच राहिली. चॉकलेटी कार्डपेपर आणि पांढरा पोस्टर कलर म्हणजे वारली असं एका अख्ख्या पिढीला वाटतं ते यामुळे.

आता पीओपी. जिप्सम तापवून पाणी काढलं की पीओपीची पावडर होते, पाणी घातलं की ती परत दगडासारखी घट्ट होते आणि मग पाण्यात लवकर विरघळत नाही. शाडू ही नुसती न भाजलेली माती, पाण्यात सुटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये काढली, मे २०२० मध्ये ती सुधारून पीओपीच्या मूर्तींवर बंदी आणली, आणि काही दिवसांतच मूर्तिकारांचं नुकसान होतंय म्हणून ती वर्षभर पुढे ढकलली. मग जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर पाळा म्हणून सांगितलं, जूनमध्ये मूर्ती बनवायला परवानगी दिली पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, आणि जुलैमध्ये ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच. म्हणजे बंदी आहे का नाही हे विचारलं तर उत्तर वर्षावर अवलंबून.

मूर्तिकारांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. शाडू जड, वाहतुकीत तडकतो, पावसाळ्यात वाळता वाळत नाही, आणि ही माती मोठ्या प्रमाणात गुजरातमधून येते. पेणकडच्या कितीतरी घरांचं वर्ष या एका सणावर चालतं. पण मोठ्यांचं हे भांडण सुटत नव्हतं तेव्हा त्यावरचा सोपा उपाय म्हणून मुलं पुढे केली गेली असं मला वाटतं, म्हणजे मुलांनी शाडूचा गणपती केला की घरात पीओपी येणार नाही. हेतू चांगलाच होता, मुलांना मजाही येते, पण त्यात शिकवलं जातं ते पर्यावरण. माती कुठली, ती चाळायची कशी, मळताना हवा का काढायची, वाळताना तडा का जातो, यातलं काही सांगायला वेळच नसतो.

आणि भट्टी तर दिसतच नाही. शाडूची मूर्ती भाजायचीच नसते, त्यामुळे मऊ मातीचं भांडं होतं कसं आणि एकदा भाजल्यावर ते परत माती का होत नाही, हा सगळ्यात भारी भाग मुलांच्या हातून निसटतो. हे बघायचं तर धारावीचा कुंभारवाडा आहे, चंद्रपूरकडे भद्रावती आहे जिथे १९५० च्या दशकापासून कुंभारकामाचं केंद्र चालू आहे, नाहीतर बहुतेक तालुक्यांत एखादी कुंभार आळी सापडतेच.

त्याच २०२० साली, जुलैमध्ये, नवीन शैक्षणिक धोरण आलं. सहावी ते आठवीत १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत, आणि त्या यादीत सुतार-माळ्यांबरोबर कुंभाराचं नाव स्पष्ट लिहिलंय. कागदावर हे पहिल्यांदाच इतकं थेट आलं असेल. पण १० दिवसांत सगळेच कारागीर बसवायचे म्हटल्यावर कुंभाराच्या वाट्याला एखादी दुपार येते, तीही त्याने शाळेत येऊन चाक फिरवून दाखवायची, मुलांनी त्याच्या आळीत जायचं नाही. एका चाकावर एका वेळी एकच मूल बसू शकतं, त्यामुळे चाळीस जणांच्या वर्गात अजूनही शाडूचे गोळेच वाटले जातात.