ग्राफीन : पापुद्रा सुटतो, पण कोरा राहत नाही

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातून गलाईच्या धंद्यासाठी माणसं देशभर पांगली. सोनं-चांदी आटवायला ग्रॅफाइटची मूस लागते, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. हाताला काळं लावणारं ते ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक बसलेले पदर. त्यातला एकच, एका अणूच्या जाडीचा पदर म्हणजे ग्राफीन. त्यातून इलेक्ट्रॉन फार सहज धावतात. पण गलाईवाला जसा आधी कस पाहतो, तसाच इथेही सगळा प्रश्न शुद्धतेचा आहे.

एका पदराचं गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पदर प्रत्यक्ष सुटा करून त्याचे विद्युत गुणधर्म मोजले ते मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी, २००४ मध्ये, साध्या चिकटपट्टीनं. पट्टी लावायची, सोलायची, पुन्हा लावायची. उरलेला पापुद्रा सिलिकॉनच्या चकतीवर टेकवायचा. चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर होता, म्हणूनच तो पापुद्रा साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसला. माझ्या मते पट्टीइतकंच श्रेय त्या थराचं आहे. २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळालं. असे तुकडे उत्तम असतात, पण अगदी बारीक. त्यांवर कारखाना चालत नाही.

मोठ्या पत्र्याची वाट २००९ मध्ये टेक्सासमधल्या रॉडनी रुऑफ यांच्या गटानं दाखवली. तांब्याचा पातळ पत्रा सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावर मिथेन वायू सोडायचा, म्हणजे त्यातला कार्बन पत्र्यावर बसतो. तांब्याऐवजी निकेल घेतलं, तर ते कार्बन पोटात घेतं आणि थंड होताना कमी-जास्त बाहेर टाकतं, त्यामुळे पदर असमान येतात. तांबं कार्बन जवळजवळ शोषतच नाही. एक पदर झाकला गेला की वाढ आपोआप थांबते. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात ग्राफीनचा ३० इंची पत्रा निघाला.

खरी अडचण त्यानंतरची. ग्राफीन हवं असतं चिपवर आणि तयार होतं तांब्यावर. मग वर प्लास्टिकचा लेप द्यायचा, खालचं तांबं रसायनात विरघळवायचं, पापुद्रा पाण्यावर तरंगवून उचलायचा. यात सुरकुत्या पडतात, चिरा जातात, लेपाचा चिकटा मागे राहतो. तांब्यावरचा कस चिपवर टिकत नाही.

खालचा आधारही महत्त्वाचा. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात ग्राफीन बोरॉन नायट्राइडच्या गुळगुळीत स्फटिकावर ठेवलं आणि इलेक्ट्रॉनांची चाल कितीतरी सुधारली. तो स्फटिक जपानच्या वातानाबे आणि तानिगुची यांनी बनवलेला होता.

उचलाउचल टाळणारी वाट सिलिकॉन कार्बाइडची. ते तापवलं की सिलिकॉन उडून जातं, पृष्ठभागावर कार्बन उरतो. चकती महाग पडते. जॉर्जिया टेकचे वॉल्ट डी हीर मात्र त्याच वाटेवर राहिले. तिथे सगळ्यात खालचा पदर कार्बाइडला घट्ट जखडलेला असतो, आणि तो बराच काळ अडगळच मानला गेला. शुद्ध ग्राफीनचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला प्रवाह चालू-बंद करणारा घटक, पूर्ण बंद होत नाही, कारण त्यात ऊर्जेची फट (बँड गॅप), म्हणजे इलेक्ट्रॉनांना थोपवणारी मोकळी जागा, नसते. २०२४ च्या जानेवारीत डी हीर आणि त्यांच्या चीनमधल्या सहकाऱ्यांनी याच जखडलेल्या पदराची मांडणी नीट बसवून ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट मिळवली.