निळी-पांढरी लादी: रंग झिलईच्या पोटात की पाठीवर?

पणजी-म्हापशाच्या दुकानांत घराच्या नावाची किंवा माड-होडी काढलेली निळी-पांढरी लादी दिसली की तिला सरसकट अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज परंपरेतली रंगवलेली लादी, म्हटलं जातं. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन वेगळ्या पद्धतींच्या लाद्या विकल्या जातात. फरक आहे तो रंग कधी लावला याचा: पांढरी झिलई, म्हणजे लादीवरचा काचेसारखा थर, भट्टीत वितळण्याआधी की नंतर. लादी पावसात किती टिकेल, रेषा कशी दिसेल, चूक पुसता येईल का, हे सगळं त्यावरच ठरतं.

आधी कच्च्या झिलईवरचं काम, कारण पोर्तुगालमध्ये शतकानुशतकं चालत आलेली पद्धत ही. मातीची लादी सुमारे 1000 अंश सेल्सिअसला एकदा भाजतात. ती सच्छिद्र असते, म्हणून झिलईच्या पातळ मिश्रणात दोन-तीन सेकंद बुडवली की पाणी आत ओढलं जातं आणि वर जेमतेम एक मिलिमीटरचा पिठूळ थर बसतो. हा थर भाजल्यावर दुधी-पांढरा होतो तो टिन ऑक्साइडमुळे. ते महाग, म्हणून आज अनेक ठिकाणी झिर्कोनियमचं संयुग वापरतात. पांढरेपणा मिळतो, पण टिनचा मऊपणा त्यात नाही. चित्र उतरवण्यासाठी कागदाला रेषांवर सुईने भोकं पाडतात आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून थोपटतात. रांगोळीच्या छापासारखी ठिपक्यांची रेघ उमटते, कोळसा पुढे भट्टीत जळून जातो.

मग कुंचला. कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा. कुंचला टेकताक्षणी पिठूळ थर पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे फटकारा थांबला की तिथे गडद ठिपका राहतो. पुसायला गेलात तर झिलईच निघते. या कामातली खरी कसोटी इथेच आहे, आणि चांगल्या हाताची लादी याच न थांबलेल्या रेषेवरून ओळखू येते. दुसरी भाजणी साधारण 980 ते 1040 अंशांची. त्यात झिलई वितळते आणि रंग तिच्यात मुरतो. तापमान जास्त झालं तर रेषा ओघळतात, कोबाल्ट जाड लागला असेल तर निळ्याऐवजी काळपट चट्टा येतो. भाजलेल्या मातीला तेलकट बोट लागलं असेल, तर तेवढ्या जागी झिलई आकसून माती उघडी पडते. गोव्याच्या पावसाळ्यात आणखी दोन त्रास: थर वाळायला फार वेळ लागतो, आणि थर घट्ट बसावा म्हणून झिलईत घातलेला डिंक बादलीत लवकर कुजतो. ओलसर लादी घाईने भट्टीत गेली तर वाफ थर उचलून टाकते.

पक्क्या झिलईवरच्या कामात कारखान्याची तयार पांढरी लादी घेतात आणि स्पिरिटने पुसतात. रंगद्रव्यात कमी तापमानाला वितळणारी काच मिसळलेली असते. ती पूड टर्पेंटाइन किंवा लवंग तेलासारख्या तेलात खलतात. इथे चूक कापसाने पुसता येते, चेहऱ्यावरची छाया हळूहळू चढवता येते, दोन-तीन वेळा भाजून रंगावर रंग देता येतो. भाजणी 750 ते 850 अंशांची. तेल जळून जाईपर्यंत भट्टीला हवा लागते. साठवणीत ओल धरलेली लादी भरभर तापवली तर तडकते. रंग जाड झाला तर पापुद्रा सुटतो, कमी भाजला तर निस्तेज राहून घासला जातो.

म्हणून ही दुसरी पद्धत नकली, असं मात्र नाही. तिचाही वंश थोर आहे: मध्ययुगीन इराणची मिनाई भांडी, 17व्या शतकातली जपानमधल्या आरिताची, पुढे जर्मनीतल्या माइसेनची चिनीमातीची भांडी. पहिलीचा माग 9व्या शतकातल्या इराकपर्यंत जातो. तिथल्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांना उत्तर म्हणून टिनची झिलई वापरली. ती स्पेन-इटलीमार्गे पोर्तुगालात रुजली, आणि डच व चिनी निळाईच्या प्रभावाने 17व्या शतकाच्या अखेरीस तिथे निळ्या-पांढऱ्याचा बहर आला. आधुनिक काळात चित्रकार जोर्ज कोलासोने पोर्तोच्या साँव बेंतू रेल्वे स्थानकात सुमारे 20,000 लाद्यांची चित्रं उभी केली, तर चित्रकार मारिया काइलने लिस्बन मेट्रोच्या स्थानकांत, 1959पासून, कथाचित्रं सोडून भौमितिक आकृत्या आणल्या. कोलासोचं काम पणजीतही आहे: मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, 1935 सालचे. सांध्यांवरून आकृती कशी सलग नेली आहे ते जवळ जाऊन पाहाच. असं मोठं चित्र लावताना घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक लादीच्या पाठीवर क्रमांक घालतात.

दुकानात ओळखायचं कसं? लादी तिरप्या उजेडात धरा. रंगावर आणि मोकळ्या पांढऱ्यावर चकाकी एकसारखी वाहत असेल, कडा किंचित विरघळलेल्या दिसत असतील, तर रंग झिलईत मुरलेला आहे. रंगाची चकाकी वेगळी पडत असेल आणि नखाला कड लागत असेल, तर तो वर बसलेला आहे. लादीच्या पाठीवरून निकाल देऊ नका. कारखान्याची न झिलई दिलेली लादी घेऊन कच्च्या झिलईचं काम करणारेही आहेत. शिवाय तिसरा प्रकार छापील लेपाचा. तो उन्हात फिका पडतो, बाहेर लावूच नका.

फाटकावरच्या नावासाठी झिलईत मुरलेला रंगच घ्या. आजी-आजोबांचं चित्र घरात लावायचं असेल तर पक्क्या झिलईवरचं काम उत्तम. चिऱ्याची भिंत ओल धरते आणि क्षार मातीच्या लादीमागे साठून झिलई ढकलतात, म्हणून गळती आधी बंद करा. सिमेंटवर बसवणार असाल तर लादी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा, वरचं पाणी निथळू द्या, आणि मागे पोकळी न ठेवता पूर्ण माल भरा.