स्नॅपची वेळ कुणाच्या हातात? अमेरिकन फुटबॉलमधल्या ब्लिट्झविरुद्धच्या डावपेचांची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाला जवळजवळ सगळं दिसत असतं. समोर कोण कुठे उभा आहे, किती यार्ड हवे आहेत, घड्याळात किती सेकंद उरले आहेत, सगळं. कळत नाही ती एकच गोष्ट: चेंडू नेमका कधी हलणार, म्हणजे स्नॅप कधी होणार. ते फक्त आक्रमण करणाऱ्या अकरा जणांना ठाऊक असतं. ब्लिट्झ म्हणजे नेहमीच्या चार जणांऐवजी पाच, सहा, कधी सात जण क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर, सोडायचे. मागची बाजू उघडी टाकून खेळलेला हा डाव आहे. क्वार्टरबॅकच्या हातून पास सुटायच्या आत त्याच्यापर्यंत पोहोचायला हवं, आणि त्यासाठी सगळ्यांना पहिलं पाऊल वेळेवर टाकावं लागतं. म्हणून स्नॅपच्या वेळेचा त्यांचा अंदाज चुकवला, तर सर्वांत आधी फसतो तो ब्लिट्झ.

हा अधिकार आक्रमकांना मिळाला 1880 मध्ये. तोवर रग्बीसारख्या घोळक्यात चेंडू टाकला जायचा आणि तो कुणाकडे निघेल हे सांगता येत नसे. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने नियम बदलला. चेंडू एकाच संघाच्या ताब्यात राहील, दोन्ही संघ रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहतील आणि मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू मागे देईल तेव्हाच खेळ सुरू होईल. सुरुवातीला तो टाचेने चेंडू मागे सारायचा, हाताने द्यायची पद्धत नंतर रुळली. माझ्या मते या खेळातला सगळ्यात दूरगामी नियम हाच. फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू पुढे फेकायला, परवानगी 1906 मध्ये मिळाली, पण 'कधी' हे ठरवायचा हक्क त्याच्या पाव शतक आधीच एका बाजूला मिळून गेला होता.

हक्क मिळाला, तशी अडचणही आली. आपल्या दहा जणांना वेळ कळवायची, पण समोरच्या अकरांना कळू द्यायची नाही. जॉन हाइजमन यांच्याबद्दल सांगतात की त्यांच्या खेळण्याच्या काळात क्वार्टरबॅक सेंटरच्या पायाला खाजवून इशारा करायचा. एकदा प्रतिस्पर्ध्यानेच तसं खाजवलं आणि चेंडू भलत्या वेळी सुटला. तेव्हा त्यांनी तोंडाने हाक द्यायची कल्पना काढली, अशी ही गोष्ट आहे. मला त्याहून विलक्षण वाटतो तो वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाचा मार्ग. तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याने 1890 च्या दशकात आपल्या खुणा समोरच्यांना दिसू नयेत म्हणून खेळाडूंना गोल करून उभं केलं. आज प्रत्येक संघ करतो त्या हडलचं श्रेय त्यालाच दिलं जातं. पुढे याच विद्यापीठाच्या संघाने मैदानाकडेला मोठा ढोल ठेवला. त्याचे हादरे खेळाडूंना अंगात जाणवत आणि ठरलेल्या ठोक्याला चेंडू सुटे. ढोल समोरच्यांनाही ऐकू येत होता, पण कितव्या ठोक्याला निघायचं हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

1940 च्या सुमारास 'टी' रचना लोकप्रिय झाली आणि क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी मागे, हात लावून उभा राहू लागला. त्या वर्षीच्या 8 डिसेंबरला शिकागो बेअर्सनी याच रचनेने वॉशिंग्टनला 73-0 असं लोळवलं, आणि मग बाकीचे संघही तिकडे वळले. हडलमध्ये 'दोनवर' किंवा 'तीनवर', म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाकेला, असं सांगून निघायचं आणि रेषेवर आल्यावर ठेक्यात हाका द्यायच्या, ही पद्धत या काळात अंगवळणी पडली.

बचाव करणारेही गप्प बसले नव्हते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क जायंट्सचा डॉन 'रेड' एटिंजर लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागच्या, जागेवरून थेट क्वार्टरबॅकवर धावून जायचा. त्या चालीला 'रेड डॉग' म्हणू लागले. 1960 च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या लॅरी विल्सनने सर्वांत मागे उभ्या असलेल्या सेफ्टीच्या जागेवरून तेच करून दाखवलं. 1985 च्या शिकागो बेअर्सनी बडी रायन यांच्या '46' बचावाने तर अख्ख्या एनएफएल या व्यावसायिक लीगला धडकी भरवली. त्या मोसमात त्यांना हरवलं फक्त मायामीने, 38-24 असं, आणि त्यात त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मरीनोच्या झटपट पासचा वाटा मोठा होता. पण मरीनोसारखा हात प्रत्येकाकडे नसतो. बाकीच्यांना उत्तर चेंडू सुटण्याच्या आधी शोधावं लागलं.

ते उत्तर कसं चालतं, हे एका प्रसंगातून पाहू. तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न आहे, आठ यार्ड हवेत. क्वार्टरबॅक रेषेवर येतो आणि ठेका मोडून 'हट' ही हाक एकदा जोरात देतो. चेंडू हलत नाही. कबड्डीत चढाईपटू खांदा झुकवून हूल देतो आणि कोपरारक्षक वेळेआधी झेपावतो, तसंच इथे घडतं. उजवीकडच्या लाइनबॅकरची टाच उचलली जाते, मागचा सेफ्टी दोन पावलं पुढे सरकतो. कोण येणार ते उघड झालं. मग क्वार्टरबॅक ताठ उभा राहतो, बोट दाखवतो, रेषेवरच्या आपल्या लाइनमनना त्या बाजूला सरकून अडवायला सांगतो, आणि सेफ्टीने सोडलेल्या जागेत पास झेलणाऱ्या एका रिसीव्हरला लगेच वळायला सांगतो. पुढची हाक खरी असते. यात शरीराने फसवायला मात्र मनाई आहे. क्वार्टरबॅकने झटकन मान हलवून समोरच्याला उडी मारायला लावली, तर दंड त्याच्याच संघाला होतो. फसवायचं ते आवाजानेच.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट आहे: पहिल्याच आवाजाला चेंडू सोडायचा. ब्लिट्झ करणारा आपली चाल लपवण्यासाठी दूर उभा असतो आणि शेवटच्या क्षणी जागेवर येतो. तो पोहोचायच्या आतच खेळ सुरू झाला, तर मागची जागाही रिकामी आणि पुढचा हल्लाही अर्धवट. सिनसिनाटी बेंगल्सच्या सॅम वाइश यांनी 1988 च्या मोसमात या घाईची रीतसर पद्धतच बसवली. हडलशिवाय, समोरच्यांना खेळाडू बदलायची सवड न देता, ते चेंडू सोडत. कधी प्रतिस्पर्ध्यांचे बारा जण मैदानात सापडत आणि दंड पडे. मोसमाच्या शेवटी बफलोविरुद्धच्या निर्णायक सामन्याआधी, खेळ सुरू व्हायला थोडाच वेळ असताना, लीगने वाइश यांना बजावलं की असं केलंत तर दंड होईल. बेंगल्स तरीही 21-10 असे जिंकले. पुढे बफलोनेच क्वार्टरबॅक जिम केलीच्या हाती हडलशिवायचं आक्रमण दिलं आणि ओळीने चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, गाठले. चारही हरले, पण कल्पना टिकली.

1994 मध्ये एनएफएलने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओला परवानगी दिली. प्रत्येक खेळी सुरू करायला दिलेल्या वेळेच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे जे काही ओळखायचं आणि बदलायचं, ते क्वार्टरबॅकने एकट्याने. त्या 15 सेकंदांवर डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगइतकं प्रभुत्व मला दुसऱ्या कुणाचं दिसलेलं नाही. 12 जानेवारी 2014 ला सॅन डिएगोविरुद्ध त्याने 'ओमाहा' ही हाक 44 वेळा दिल्याची मोजदाद झाली, आणि प्रतिस्पर्धी वेळेआधी हलल्याने पाचदा दंड झाला. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की चाल बदलली आहे, वेळ कमी आहे आणि चेंडू आता सुटणार, एवढंच ती हाक लाइनमनना कळवायची. तिसऱ्याच आठवड्यात, 2 फेब्रुवारीच्या सुपर बोलमध्ये, पहिल्याच खेळीला गोंगाटात सेंटरने मॅनिंग पुढे चालत येत असतानाच चेंडू सोडला. चेंडू त्याच्या डोक्याजवळून मागे, त्यांच्याच गोलक्षेत्रात गेला आणि अवघ्या 12 सेकंदांत सिअॅटलला दोन गुण मिळाले. शेवट 43-8 असा झाला. ज्या हुकमी वेळेवर मॅनिंगचा संघ उभा होता, तीच हातची गेली होती.

क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने या हुलकावणीतून आणखी एक फायदा काढला. समोरचा वेळेआधी रेषा ओलांडून आला आणि त्याच क्षणी चेंडू सोडला, तर पंच दंडाचा झेंडा टाकतात पण खेळ थांबवत नाहीत. मग लांब पास फेकायचा. जमला तर उत्तम, अडवला गेला तरी दंड स्वीकारून पाच यार्ड पदरात. शालेय फुटबॉलमध्ये मात्र बचाव करणारा रेषा ओलांडताच खेळ थांबतो, त्यामुळे हा डाव कॉलेज आणि व्यावसायिक खेळातच दिसतो.

अर्थात घड्याळ दोघांनाही दिसतं. क्वार्टरबॅक शेवटच्या सेकंदापर्यंत थांबत राहिला, तर चेंडू आता सुटलाच पाहिजे हे समोरच्यालाही कळतं. गोंगाटात हाक ऐकू येत नाही म्हणून मुकी मोजणी करताना सेंटरच्या मान हलवण्याचा ठेका ठरून गेला, तर तोही पकडला जातो. पिट्सबर्गचा सेफ्टी ट्रॉय पोलामालू नेमक्या वेळी सेंटरवरून उडी मारून पलीकडे उतरायचा.

आताच्या बचाव प्रशिक्षकांनी तर डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याचाच भरवसा काढून घेतला आहे. मिनेसोटात ब्रायन फ्लोरेस सहा-सात जणांना रेषेवर आणून उभं करतात आणि स्नॅप होताच त्यातले कितीतरी मागे पळतात. हूल दिली तर सगळेच येणार असं भासवतात, म्हणून एका जोरदार हाकेवर आता कुणी विसंबत नाही. आक्रमक संघ एखाद्या रिसीव्हरला रेषेला समांतर पळवतात, त्याच्यामागे कोण सरकतो ते पाहतात, आणि तो धावत असतानाच चेंडू सोडतात.