फाइल केवढी आणि प्रोग्रॅम केवढा?

सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहा. सगळ्या फंक्शनांच्या बाहेर दहा लाख पूर्णांकांचा एक अ‍ॅरे जाहीर करा, पण त्याला सुरुवातीची किंमत देऊ नका. एका पूर्णांकाला ४ बाइट धरले तर अ‍ॅरे झाला ४० लाख बाइटचा. कंपाइल करून, फायलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या कमांडकडून लांबी बघा: ६४ बिटी लिनक्सवर फाइल साधारण १६ हजार बाइटच्या आसपास निघते. आता अ‍ॅरेच्या फक्त पहिल्या घरात १ ही किंमत भरा आणि पुन्हा कंपाइल करा. फाइल ४० लाखांच्या वर गेलेली दिसेल. बदल एका आकड्याचा, आणि चालताना दोन्ही प्रोग्रॅम अ‍ॅरेसाठी राखून ठेवतात ती जागा तेवढीच!

ही भानगड 'साइझ' नावाच्या कमांडने उलगडते. लिनक्सवर ती बिनयुटिल्स या संचात येते. कंपाइलर बसवला असेल तर बहुधा हीसुद्धा आधीच आलेली असते. टर्मिनलात कमांडचं नाव, मग जागा सोडून फाइलचं नाव, बस्स. उत्तरात एक ओळ येते: टेक्स्ट, डेटा, बीएसएस, मग या तिघांची बेरीज दशमान पद्धतीत, तीच बेरीज हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) आणि शेवटी फाइलचं नाव.

टेक्स्ट म्हणजे प्रोसेसरने चालवायच्या सूचना. पण नेहमीच्या मांडणीत न बदलणारा मजकूर, स्थिरांकांचे तक्ते असला फक्त वाचायचा ऐवजही त्यातच मोजला जातो. म्हणून काहीही न करणाऱ्या रिकाम्या प्रोग्रॅमचा टेक्स्टसुद्धा हजार-दीड हजार बाइट भरतो. डेटामध्ये येतात शून्याव्यतिरिक्त किंमत दिलेले जागतिक (ग्लोबल) आणि स्टॅटिक चल (व्हेरिएबल). त्या किमती कुठेतरी लिहून ठेवाव्याच लागतात, त्यामुळे फाइल फुगते. राहिलेले, म्हणजे किंमत न दिलेले किंवा शून्य दिलेले चल बीएसएसमध्ये जातात. तिथे शून्यांची रास साठवायची गरजच नाही; 'चालू होताना इतके बाइट शून्य करून दे' एवढी नोंद पुरते. (बीएसएस हे नाव १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ च्या असेंब्लरमधून आलंय.) आपल्या अ‍ॅरेच्या पहिल्या घरात १ पडला आणि अख्खा अ‍ॅरे बीएसएसमधून उठून डेटात गेला, उरलेल्या शून्यांसकट.

डेस्कटॉपवर याची फिकीर कोण करतो? मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकावर, मात्र करावीच लागते. आर्डुइनो ऊनो या बोर्डवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी, प्रोग्रॅम ठेवायची मेमरी) ३२,७६८ बाइट आणि रॅम अवघी २,०४८ बाइट. फ्लॅशमधले ५१२ बाइट बूटलोडरचे, म्हणजे नवा प्रोग्रॅम चिपवर उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, म्हणजे आपल्या हाती ३२,२५६. समजा 'साइझ'ने टेक्स्ट ९,२१४, डेटा ३२६, बीएसएस १,४८० आणि बेरीज ११,०२० दाखवली. ही बेरीज इथे कुचकामी आहे. ती ना फ्लॅशचा खर्च सांगते, ना रॅमचा. फ्लॅशसाठी टेक्स्ट आणि डेटा मिळवा: ९,५४०. रॅमसाठी डेटा आणि बीएसएस: १,८०६. डेटा दोन्हीकडे मोजायचा, कारण त्याच्या मूळ किमती फ्लॅशमध्ये राहतात आणि सुरुवातीला त्यांची प्रत रॅममध्ये काढली जाते.

फ्लॅश निम्म्याहून जास्त मोकळी, म्हणून खूश होऊ नका. रॅममध्ये उरलेत २४२ बाइट, आणि त्यातच स्टॅक, म्हणजे फंक्शनांच्या आतल्या चलांची तात्पुरती जागा, बसवायचा आहे. एखाद्या फंक्शनच्या आत २५६ बाइटचा बफर घेतलात की स्टॅक वरून खाली येत थेट चलांवर चढतो. कंपाइलर चकार शब्द काढत नाही; बोर्ड मधूनच रीसेट होतो, नाहीतर संगणकाशी जोडणाऱ्या सेरियल वाहिनीवर कचरा येतो. फंक्शनच्या आतले चल आणि चालता चालता 'मॅलॉक' या फंक्शनने मागितलेली जागा 'साइझ'ला दिसतच नाही, हे ध्यानात ठेवा.

या चिपकुळाची, म्हणजे एव्हीआरची, आणखी एक खोड आहे. इथे सूचनांची आणि डेटाची मेमरी वेगळी असल्यामुळे छापायचे संदेश टेक्स्टमध्ये न राहता डेटात मोजले जातात, म्हणजे रॅम खातात. आर्डुइनोत असे संदेश एफ मॅक्रोत गुंडाळले की ते फ्लॅशमध्येच राहतात आणि डेटाचा आकडा लगेच उतरतो. पदरात सर्वांत जास्त रॅम पाडून घेणारा बदल बऱ्याचदा हाच असतो.

लक्ष्य-चिप वेगळी असेल तर तिच्या टूलचेनमधली (कंपाइलर आणि सोबतच्या साधनांच्या संचातली) 'साइझ' वापरावी, एव्हीआरसाठी एव्हीआरची, आर्मसाठी आर्मची. संगणकाची आपली कमांड परकी फाइल पाहून 'फॉरमॅट ओळखता आला नाही' म्हणू शकते. शेल स्क्रिप्ट दिलीत तरी हेच उत्तर येतं, कारण तो नुसता मजकूर. चिपवर चढवायची हेक्स फाइल दिली तर सगळे बाइट डेटाच्या रकान्यात दिसतात, कारण त्या फाइलीत विभागांची माहितीच उरलेली नसते. शिवाय तिची डिस्कवरची लांबी पाहून घाबरू नये: एका ओळीत १६ बाइटसाठी ४३ अक्षरं खर्ची पडतात, म्हणजे जवळपास पावणेतीन पट.

डिबग माहितीसह (चुका शोधायला लागणाऱ्या नोंदींसह) कंपाइल केलं की फाइल कित्येक पटींनी वाढते, तरी 'साइझ'चे तीन आकडे जवळजवळ जागचे हलत नाहीत. ती माहिती मेमरीत चढतच नाही. अशा नोंदी आणि नावं पुसणारी 'स्ट्रिप' कमांड चालवून फाइल हलकी होते, पण रॅमचा एक बाइटही वाचत नाही. 'साइझ'ला मोठ्या 'ए'चा पर्याय दिला की एकेका विभागाची यादी मिळते. त्या यादीच्या शेवटची बेरीज मात्र डिबगचे विभागही धरते, म्हणून ती वरच्या बेरजेशी जुळत नाही.

आकडा मोठा आलाच, तर दोषी कोण हे 'साइझ' सांगत नाही. त्यासाठी फाइलमधल्या फंक्शनांची आणि चलांची नावं दाखवणाऱ्या 'एनएम' कमांडला आकारानुसार क्रम लावायचा पर्याय द्या. यादीच्या तळाशी सर्वांत मोठी नावं येतात. शेजारी 'बी' अक्षर असेल तर बीएसएस, 'डी' असेल तर डेटा, 'टी' असेल तर सूचना. स्ट्रिप केलेल्या फाइलवर हे चालत नाही, नावंच पुसलेली असतात. न वापरलेली फंक्शनं काढायला लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडून अंतिम फाइल बनवणाऱ्या साधनाला) कचरा वेचायला सांगता येतं, पण तो विभागच्या विभाग उचलतो. म्हणून प्रत्येक फंक्शन स्वतंत्र विभागात ठेवायचा पर्याय आधी कंपाइलरला द्यायचा. तो विसरलात तर लिंकरचा पर्याय देऊनही टेक्स्ट फारसा कमी होत नाही.