पार्श्वभूमी: ऑस्ट्रेलियाने नाकारलेला डिटेक्टर औंढ्याला कसा आला

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ आजवर ज्योतिर्लिंगासाठी ठाऊक. तिथे उभारायची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची (म्हणजे प्रचंड वस्तूंच्या टकरींतून अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची) वेधशाळा मुळात भारताच्या वाट्याची नव्हतीच.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून तिथल्याच हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे लायगोचे 4 किलोमीटर भुजांचे डिटेक्टर उभे राहिले: लहर आली की भुजांच्या लांबीत होणारा अतिसूक्ष्म बदल लेझर आणि आरशांनी मोजणारी ही यंत्रं. त्यांच्या सुधारित आवृत्तीचे तीन संच बनत होते आणि त्यातले दोन हॅनफर्डलाच बसणार होते. पण लहर कुठे आधी पोचली, कुठे नंतर, मुख्यतः यावरूनच तिची दिशा काढतात. एका आवारातल्या दोन यंत्रांचा त्यासाठी काय उपयोग? म्हणून तिसरा संच परदेशी द्यायचं ठरलं. पहिली पसंती ऑस्ट्रेलिया. 2011 मध्ये तिथे पैशांची तजवीज झाली नाही आणि भारताचं नाव पुढे आलं.

संधी अचानक आली, तयारी मात्र जुनी होती. गोंगाटातून अशी लहर हुडकायची कशी, याचं गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश 1991 पासूनच मांडत होते. 2009 मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी ‘इंडिगो’ हा गट बांधला.

व्यवहार रोखीचा नाही. यंत्राचे मुख्य भाग अमेरिका देणार. जागा, इमारती, निर्वात नळ्या आणि यंत्र चालवणारी माणसं भारताची. तसं ते यंत्रही निखळ अमेरिकी नाहीच: सुधारित लायगोसाठी लेझर जर्मनीने दिला, आरशांची टांगणी ब्रिटनने.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने 2012 मध्ये मान्यता दिली. दिल्लीतली फाइल मात्र जागची हलेना. 11 फेब्रुवारी 2016 ला पहिल्या लहरीचा शोध जाहीर झाला आणि सहाव्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली! (शोध लागेल की नाही हे ठाऊक नसताना पैसे देणं सरकारांना जडच जातं.)

ती पहिली लहर दोनच यंत्रांनी टिपली होती. उगम आकाशाच्या सुमारे 600 चौरस अंशांत कुठेतरी, म्हणजे पौर्णिमेचे जवळपास 3000 चंद्र मावतील एवढ्या पट्ट्यात. ऑगस्ट 2017 मध्ये इटलीतला व्हर्गो हा तिसरा डिटेक्टर जोडीला आला, तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) टकरीची जागा सुमारे 30 चौरस अंशांवर आली आणि दुर्बिणींना तिचा प्रकाशही सापडला. हिंगोलीच्या यंत्रासाठी 2600 कोटींची अंतिम मंजुरी मिळायला मात्र एप्रिल 2023 उजाडला.