पेनिश

पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एक छोटे नगर व नगरपालिका. लिस्बनच्या उत्तरेस सुमारे ९० किमी.; लोकवस्ती सुमारे २६ हजार. हे मुळात बेट; वाळू साचत गेली आणि ते जमिनीला जोडले गेले. मासेमारी हा इथला जुना धंदा, त्यातही सार्डिन मासा. बायका हातविणीची लेस करतात : लोडासारख्या उशीवर नक्षीचा कागद लावायचा, टाचण्या रोवायच्या आणि लाकडी फिरक्यांवरचा दोरा त्यांभोवती खेळवायचा. ‘जिथे जाळी, तिथे लेस’ ही तिथलीच म्हण.

पेनिश देशाच्या इतिहासात आले ते मात्र किल्ल्यामुळे. सोळाव्या शतकात समुद्रकड्यावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने १९३४ मध्ये राजकीय कैद्यांचा तुरुंग केला. इथले एक राजकीय कैदी आंतोनियू दियश लोरेन्सू यांनी १९५४ मध्ये एकांतकोठडीच्या दाराची फळी कापली आणि डिसेंबरच्या थंड समुद्रात उडी घेऊन पळ काढला. ३ जानेवारी १९६० रोजी कम्युनिस्ट नेते आल्वारू कुन्याल नऊ साथीदारांसह निसटले. किल्ल्यासमोर डिकी उघडी ठेवून मोटार थांबली, की बाहेरची तयारी झाली, ही खूण. जेलरला क्लोरोफॉर्म दिला, फितवलेल्या पहारेकऱ्याने वाट दाखवली आणि चादरींच्या दोराने ते तटाखाली उतरले. हुकूमशाहीला बसलेला हा मोठाच तडाखा होता.

मराठी वाचकाला पेनिश परके वाटू नये, याला कारण आहे. १९४६ च्या जूनमध्ये मडगावला सविनय कायदेभंग सुरू झाला, त्यानंतर गोव्यातले जे पुढारी पकडले गेले, त्यांतले काही याच किल्ल्यात आणले गेले. गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली होती. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे हेही इथेच होते. गोव्याचे आणि पोर्तुगालचे स्वातंत्र्य एकाच तुरुंगात कोंडले होते, हे आपल्याकडे फार कमी सांगितले जाते. कुन्हा १९५३ मध्ये पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला पोहोचले.

हुकूमशाही उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर दोन दिवसांनी, २७ तारखेला, उरलेले कैदी सुटले. पुढे आफ्रिकेतील वसाहतींतून परतलेल्या कुटुंबांना किल्ल्यात आसरा मिळाला. २०१६ मध्ये तो हॉटेलसाठी देण्याचे घाटत होते. जुने कैदी खवळून उठले आणि सरकारने तो बेत सोडला. सुटकेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २७ एप्रिल २०२४ रोजी, तिथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले.