घरून काम आणि 'उत्पादकते'चा घोळ

घरून काम करण्याची कल्पना जुनी आहे. 1973 च्या तेलटंचाईच्या सुमारास अमेरिकेत ती पुढे आली, ती गाड्यांची वर्दळ कमी व्हावी म्हणून. आपल्याकडे मात्र 2020 पर्यंत कॉल सेंटरचं काम घरून द्यायचं तर कंपनीला एक कोटीची बँक गॅरंटी भरावी लागे. टाळेबंदीत ही अट शिथिल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायमची गेली.

खरा वाद 'उत्पादकता' या शब्दाचा आहे. शांघायमधल्या एका प्रवासी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये 2010-11 साली नऊ महिने प्रयोग झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, एवढंच सगळीकडे सांगितलं जातं. पण त्यातले सुमारे 9 टक्के फोनवर जास्त मिनिटं बसल्यामुळे आले, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा घटल्या होत्या. दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे झालेली वाढ फक्त 4 टक्क्यांची. माणूस जास्त वेळ राबला, तर त्याला उत्पादकता वाढली म्हणायचं का? माझ्या मते नाही.

उलट बाजूलाही हाच घोळ. आशियातल्या एका आयटी कंपनीच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी टाळेबंदीआधीच्या आणि नंतरच्या पाहिल्या, तेव्हा कामाचे तास वाढले होते, काम किंचित घटलं होतं. म्हणजे तासामागे 8 ते 19 टक्क्यांची घट. मीटिंगा वाढल्या, सलग काम करायला वेळ उरला नाही. मुलं असलेल्यांची घट जास्त होती, आणि तेव्हा शाळा बंद होत्या. हे आकडे सक्तीच्या घरबशीचे आहेत, ते स्वेच्छेने घरून काम करणाऱ्यांच्या विरोधात वापरणं अन्यायाचं आहे.

चेन्नईतल्या डेटा एन्ट्रीच्या प्रयोगाला मात्र असं बाजूला सारता येत नाही. तिथे कोण घरून आणि कोण ऑफिसातून काम करणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, आणि घरून केलेलं काम 18 टक्क्यांनी कमी भरलं. ज्यांना घरूनच काम हवं होतं, त्यांचं घरी जास्त घसरलं. दोन खोल्यांच्या घरात, सासर-माहेरच्या जबाबदाऱ्यांत टेबल मांडणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढे शांघायच्याच कंपनीत सोळाशे जणांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम देऊन पाहिलं. कामगिरीत फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. प्रयोगाआधी उत्पादकता घटेल असं मानणारे तिथले मॅनेजर नंतर ती थोडी वाढते असं म्हणू लागले.